कुत्र्याने शेंगदाणे खाल्ले तर काय करावे?

नागपंचमी जवळ आली की धारवाड जिल्ह्यातील घराघरांतून शेंगदाणे भाजल्याचा खमंग वास येऊ लागतो. गूळ घालून शेंगदाण्याचे, तिळाचे, डाळ्याचे लाडू वळले जातात आणि ते शेजारीपाजारी पोचविले जातात. पुढे महिना-दीड महिन्यात भुईमुगाची काढणी सुरू होते. उपटलेले वेल बांधावर वाळत पडतात, शेंगांचे ढीग खळ्यावर लागतात, आणि भरलेली पोती हुबळीच्या अमरगोळ बाजार आवाराकडे निघतात. आपल्या भागातील कन्नड भाषिक बंधूही भुईमुगाला 'शेंगा' असेच म्हणतात, यावरून हे पीक येथील जीवनाशी किती एकरूप झाले आहे याची कल्पना यावी. या साऱ्या काळात खळ्याची राखण करणारा एक प्राणी मात्र आपल्या फारसा हिशेबात नसतो. तो म्हणजे घरचा कुत्रा. मुले शेंगा फोडून खात बसली की तोही जवळ येऊन बसतो. मुले चार दाणे त्याच्यापुढे टाकतात, आणि संधी मिळाली तर तो लाडवांच्या डब्यातही तोंड घालतो.

अशा वेळी 'कुत्र्याने दाणे खाल्ले, आता काय करावे?' असा प्रश्न पशुवैद्यकीय दवाखान्यात अनेकदा विचारला जातो. कोणी विनाकारण घाबरतो, तर कोणी खरोखर घाबरण्यासारखी परिस्थिती असतानाही 'शेंगदाणेच तर खाल्ले' म्हणून स्वस्थ बसतो. यांपैकी दुसरी चूक अधिक महागात पडते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम सरळ उत्तर द्यावयाचे तर, ताजे, स्वच्छ, बिनमिठाचे, कच्चे वा भाजलेले थोडे शेंगदाणे कुत्र्याला विषारी नाहीत. दहा-पाच दाणे खाल्ल्याने धडधाकट कुत्र्याला काही होत नाही आणि त्यासाठी कोणताही उपचार करण्याची आवश्यकता नसते. परंतु 'थोडे' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. शंभर ग्रॅम दाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात, आणि दहा किलो वजनाच्या साधारण कुत्र्याची दिवसभराची गरज सुमारे सहाशे कॅलरींची असते. म्हणजे मूठ-दोन मूठ दाणे म्हणजे त्याचे जवळपास एका दिवसाचे जेवण झाले! इतके तेल एकदम पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात. क्वचित प्रसंगी स्वादुपिंडाला सूज येते, व तो आजार गंभीर असतो. कुत्रा वारंवार ओकतो, खाणे सोडतो, पोटाला हात लावू देत नाही, आणि पुढचे पाय व छाती जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवून उभा राहतो. असा कुत्रा नमस्कार करीत असल्यासारखा दिसतो. पण ते पोटातील वेदनेचे लक्षण आहे हे ध्यानात ठेवावे आणि त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

टरफलासकट शेंगा गिळल्या असतील, विशेषतः लहान चणीच्या कुत्र्याने, तर आतडे तुंबण्याचा संभव असतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ओकाऱ्या होणे, शौचास न होणे, पाठ कमानीसारखी वाकविणे अशी चिन्हे दिसल्यास उशीर करू नये. खारे दाणे खाल्ल्यास भरपूर पाणी पिऊ द्यावे. चिक्की, मसालेदार चटणी किंवा फरसाण यांतील तेल-तिखटामुळे पोट बिघडते, त्याहून अधिक सहसा काही होत नाही. पोट बिघडल्यावर काही तास अन्न न देता थोडे थोडे पाणी द्यावे व नंतर बिनतेलाचा मऊ भात द्यावा, एवढे पुरते.

बुरशी लागलेले दाणे

खरा धोका सुरू होतो तो दाणा बिघडल्यावर. काढणीच्या वेळी पाऊस लागला, शेंगा नीट वाळल्या नाहीत आणि तशाच पोत्यांत भरल्या की त्यांवर एक पिवळट हिरवी बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या विषाचा शोधच भुईमुगामुळे लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. तपास करता ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले. त्याआधी, १९५०च्या दशकात, अमेरिकेच्या आग्नेय भागातील कुत्र्यांत यकृताचा एक अनाकलनीय आजार आढळला होता. त्याचे कारणही असेच बुरशीचे खाद्य होते, हे नंतर उलगडले.

आपल्या देशातील उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक गावांत काविळीची साथ पसरली. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी १०६ दगावली. अवकाळी पावसात भिजलेला व बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला होता. ज्या घरांतील माणसे आजारी पडली, त्याच घरांतील शिळेपाके खाणारी कुत्रीही त्याच आजाराने मेली. माणसाच्या ताटातील विष कुत्र्याच्या पोटात जाते, आणि कुत्र्याचे दुखणे हे माणसासाठी इशारा ठरू शकते, ही गोष्ट या घटनेवरून स्पष्ट होते.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे निवडून बाजूला काढलेले काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे 'फुकट जाऊ नयेत' म्हणून कुत्र्यापुढे किंवा कोंबड्यांपुढे टाकण्याची पद्धत आहे. पेंडीचा खाली उरलेला बुरसटलेला चुराही असाच संपविला जातो. ही काटकसर नव्हे. भाजल्याने किंवा शिजविल्याने हे विष पुरेसे नष्ट होत नाही, आणि घाण्यातून तेल काढल्यावर त्याचा बराच मोठा भाग पेंडीतच राहतो. कुत्रा हा प्राणी या विषाला विशेष बळी पडणारा आहे. सुस्ती, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, डोळे व हिरड्या पिवळ्या पडणे, गडद लघवी, काळसर शौच ही लक्षणे काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी दिसतात, व तोपर्यंत यकृताची बरीच हानी झालेली असते. खराब दाणे पुरून टाकावेत. चांगल्या शेंगा हलवून पाहाव्यात. आत दाणा खुळखुळ वाजला म्हणजे त्या वाळल्या असे जुने शेतकरी सांगतात, ते बरोबर आहे. साठवणीच्या वेळी शेंगांतील ओलावा आठ टक्क्यांहून कमी असावा आणि पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

बियाणे आणि उंदराचे आमिष

पेरणीच्या दिवसांत, म्हणजे जून महिन्यात, आणखी एक संकट उभे राहते व त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. भुईमुगाच्या बियाण्याला रोग लागू नये म्हणून थायरमसारखे बुरशीनाशक चोळतात. हुमणीचा उपद्रव असलेल्या जमिनीसाठी क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशकही लावतात. असे बियाणे रंगीत दिसते, पण कुत्र्याला रंगाचे काय! त्याला दाण्याचा वासच कळतो. पेरणीहून उरलेले बियाणे परड्यात उघड्या पाटीत राहते आणि रात्री कुत्रा ते खातो. कीटकनाशक पोटात गेल्यास तोंडातून सारखी लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, जुलाब होतात, अंग थरथरते, श्वास घेण्यास त्रास होतो. हे सर्व काही मिनिटांपासून काही तासांच्या आत घडते. यावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन हा प्रभावी उपाय आहे, पण तो पशुवैद्यच करू शकतो. बियाण्याच्या पिशवीवरील किंवा औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी सोबत नेल्यास नेमका उपचार ताबडतोब सुरू करता येतो. ती बाटली रिकामी झाली म्हणून फेकून देण्याची घाई करू नये, ती याकरिताच.

उंदरांसाठी भरड धान्यात वा दाण्यांच्या कुटात, गोडे तेल लावून, झिंक फॉस्फाइड मिसळून ठेवतात. ते कुत्र्याने खाल्ले तर पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. पोटात अन्न पडले की आम्ल अधिक सुटते. म्हणून 'बिचाऱ्याला काही तरी खाऊ घाला' या दयाबुद्धीने भात वा भाकरी घालणे येथे घातक ठरते. कुत्रा ओकला तर त्या ओकारीतूनही वायू निघतो, तेव्हा माणसांनी तिच्यावर वाकू नये व खोलीची दारे-खिडक्या उघडावीत.

सुपारी, काजू, एरंड व इतर

धारवाडच्या पश्चिमेला घाट उतरू लागले की शिरसी-येल्लापूरच्या सुपारीच्या बागा लागतात, आणि खानापूरपासून गोव्यापर्यंत काजू आहे. सुपारीतील अरेकोलिन या द्रव्यामुळे कुत्र्याला लाळ सुटते, ओकारी व जोराचे जुलाब होतात. गंमत अशी की हाच गुण जाणून जुन्या काळी पशुवैद्य सुपारीची पूड किंवा अरेकोलिन कुत्र्याच्या पोटातील पट्टकृमी पाडण्यासाठी वापरीत. न्यूझीलंडसारख्या मेंढपाळांच्या देशात तर कुत्र्यांच्या तपासणीसाठी ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती. आज याहून निर्धोक औषधे उपलब्ध आहेत. त्यामुळे कोणी 'जंतांवर सुपारी उगाळून घाला' असा सल्ला दिल्यास तो मानू नये. तंबाखू मिसळलेल्या सुपारीचा धोका तर दुहेरी असतो.

भाजून सोललेला एखादा काजूगर अपायकारक नाही. मात्र कच्च्या काजूबीच्या टरफलातील तेल तोंड व घसा भाजून काढते, बिब्ब्याचेही तसेच. अशा वेळी कुत्र्याला मुळीच ओकवू नये, कारण वर येताना ते तेल पुन्हा तोच मार्ग भाजते. तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, व पुसणाऱ्याने आपल्या हाताला पिशवी बांधावी.

बांधावरचा एरंड हा या सर्वांत कपटी म्हणावा लागेल. एरंडेल तेल औषध आहे, पण बी चावून खाल्ले तर त्यातील रायसिन हे विष भयंकर आहे. एरंडीची पेंड खत म्हणून वापरतात. तिच्यावर योग्य प्रक्रिया झालेली नसेल तर तीही कुत्र्याच्या जिवावर बेतते. येथे लक्षणे दिसण्यास सहा तासांपासून दीड दिवसापर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा 'खाऊन चार तास झाले, काही झाले नाही' यावर विसंबू नये. काजरा, ज्याला कन्नडात कासरक म्हणतात, त्याच्या बियांतील स्ट्रिक्निनमुळे अंग ताठ होऊन झटके येतात आणि आवाज किंवा स्पर्श झाला की ते वाढतात. त्या कुत्र्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवून हलक्या हाताने दवाखान्यात न्यावे. एके काळी अनेक नगरपालिका बेवारशी कुत्री मारण्यासाठी हेच विष वापरीत. ती पद्धत आता कायद्याने बंद झाली असून निर्बीजीकरण व लसीकरण हाच मार्ग विहित आहे.

शहरातील वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. बदाम व पिस्ते विषारी नाहीत, पण जड असतात. जुना, बुरसटलेला अक्रोड मात्र कंप आणि झटके आणू शकतो. परदेशातून कोणी मॅकाडेमिया नावाच्या गोल दाण्यांची बिस्किटे आणली असतील तर ती कुत्र्याला देऊ नयेत. शरीराच्या दर किलो वजनामागे दोन-अडीच ग्रॅम दाण्यांनीही त्याचे मागचे पाय लुळे पडतात. सुदैवाने तो बहुधा दोन दिवसांत बरा होतो. बाटलीतल्या शेंगदाण्याच्या लोण्यात कधी कधी साखरेऐवजी झायलिटॉल घालतात. माणसाला ते चालते, कुत्र्याची रक्तातील साखर मात्र त्यामुळे अर्ध्या-एक तासात धोकादायक रीतीने खाली येते.

आणि बेदाणे! सुक्या मेव्याच्या लाडवात दाण्यांपेक्षा बेदाण्यांचीच भीती अधिक. विजापूर-सांगलीकडचा बेदाणा आपल्याकडे घरोघर असतो. द्राक्षे व बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ल्यावर असे होते हे कुत्र्यागणिक बदलते. त्यांतील टार्टारिक आम्ल हे कारण असावे असे अलीकडे मानले जाते, आणि हे आम्ल चिंचेतही विपुल असते. अशा कुत्र्याला लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

घशात अडकल्यास, आणि एक गंभीर इशारा

शेंग किंवा सुपारी घशात अडकली तर कुत्रा एकाएकी कासावीस होतो, पंजाने तोंड ओरबाडतो, खोकतो, हिरड्या निळसर पडतात. तो खोकत असेल तोवर त्याला खोकू द्यावे. श्वासच बंद होत असेल तर लहान कुत्र्याला मागच्या पायांनी उचलून डोके खाली करावे. मोठ्याच्या मागे उभे राहून बरगड्यांच्या खाली पोटावर दोन्ही हातांनी वर व पुढे असे चार-पाच झटके द्यावेत. दिसत असलेली वस्तूच बोटांनी काढावी. आंधळेपणाने बोट घातल्यास ती आणखी आत जाते.

परंतु तोंडात हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर थांबावे. पिसाळलेल्या कुत्र्याचा एक प्रकार असा असतो की तो चावायला धावत नाही. त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटते, याच्या घशात शेंग वा हाड अडकले. आणि तो कळवळून हात आत घालतो. हातावर खरचटलेले असले तर त्या लाळेतून रोगाचा शिरकाव होण्यास तेवढे पुरे. शेतात काम करणाऱ्याच्या हातावर एखादी चीर नाही असा दिवस क्वचितच असतो. माझ्या नोकरीच्या काळात एका खेड्यातील गृहस्थ हसत हसत सांगताना मी ऐकले होते की, कुत्र्याच्या घशात काही तरी अडकले होते, मी कोपरापर्यंत हात घातला, सापडले मात्र काही नाही. कुत्रे दुसऱ्या दिवशी मेले होते. बैठकीतील एका शिक्षकाने प्रसंगाचे गांभीर्य ओळखले आणि त्या गृहस्थाला त्याच संध्याकाळी सरकारी इस्पितळात नेऊन लस सुरू केली. ते गृहस्थ सुखरूप राहिले. कुत्रे खरोखर पिसाळलेले होते की नाही हे कधीच कळले नाही, आणि कळण्याची वाट पाहिली नाही हेच योग्य झाले.

फरक ओळखण्याची खूण अशी की घशात अडकलेला कुत्रा क्षणापूर्वी ठणठणीत असतो आणि स्वतःच्या तोंडाशी झगडत असतो. पिसाळलेल्याचे एक-दोन दिवस आधीपासून काही तरी बिनसलेले असते. तो कोपरा धरतो, ओळखीच्या माणसाला ओळख देत नाही, आणि जबडा लोंबत असूनही पंजाने तोंड ओरबाडत नाही. शंका असेल तर हात घालू नये, कुत्र्याला बंद जागेत अडवून पशुवैद्यास बोलवावे. लाळ लागली असेल तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट भरू नये. आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी भीती अद्याप अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन शेंगांच्या काढणीच्या सुमारासच येतो. त्या दिवसांत ठिकठिकाणी कुत्र्यांना लस टोचण्याची शिबिरे भरतात. खळ्यावरच्या कुत्र्याला तेवढा एक दिवस खळ्यावरून सुट्टी द्यावी!

दवाखान्यात जाताना

कुत्र्याला ओकविण्यासाठी मिठाचे पाणी पाजण्याची रीत सर्वत्र आहे. ती सोडावी. मिठाचीच विषबाधा होऊन कुत्री मरतात. दूध, तूप, तेल ओतणेही निरुपयोगी असते. गुंगीत किंवा झटक्यात असलेल्या कुत्र्याच्या ते फुप्फुसात जाते. ओकवावयाचे की नाही, कोळशाची औषधी पूड द्यावयाची की सलाईन, हे पशुवैद्याला ठरवू द्यावे. खाल्ल्यापासून एक-दोन तासांत पोचल्यास त्याच्या हाती बरेच उपाय असतात.

जवळ दवाखाना नसेल तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी असली, तरी जवळचा पशुवैद्य कोठे भेटेल याची चौकशी तेथे करता येते. धारवाड-हुबळीत राहणाऱ्यांनी शहरातील पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक आधीच भिंतीवर लिहून ठेवावा. निघताना उरलेले दाणे किंवा बियाण्याची पुडी, औषधाची चिठ्ठी, शक्य असल्यास ओकारीचा थोडा नमुना बंद डब्यात घ्यावा. खाल्ल्याची अदमासे वेळ आणि कुत्र्याचे वजन सांगता आले पाहिजे. वजनकाटा नसेल तर शेंगांच्या पोत्यांचा काटा चालतो. कुत्र्याला उचलून माणसाने काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे.